मामांचं भिंग आणि आक्कांचं घड्याळ

माझ्या मामेसासऱ्यांनी मनापासून खरी मानावी अशी एकही वस्तू या पृथ्वीतलावर आज तयार होत नाही, आणि त्यात जावई म्हणून मीही आलो. आमचं लग्न ठरत होतं तेव्हा बाकीची मंडळी पोहे खात माझ्या नोकरीची चौकशी करत होती आणि मामा खिडकीशी उभे राहून माझ्या पदवीच्या प्रमाणपत्रावरचा शिक्का भिंगातून निरखत होते. पाहून झाल्यावर त्यांनी ते परत दिलं आणि म्हणाले, "सकृद्दर्शनी ठीक वाटतंय." पंधरा वर्षं झाली, त्यांचं माझ्याबद्दलचं मत अजून तिथंच आहे. मंडईत तर त्यांना लांबून येताना पाहिलं की बायका टोपलीवर फडकं ओढतात. एकदा एक वांगं उजेडात धरून ते त्याचं देठ तपासायला लागले तेव्हा भाजीवालीनं अक्षरशः हात जोडले. "काका, वांगं हाय ते, हिरा न्हाय. घ्या न्हायतर ठिवा." मामांनी ठेवलं.

दोष त्यांचा नाही, नोकरीचा आहे. भोसरीच्या एका कारखान्यात बाहेरून येणारा माल तपासण्यात त्यांची उभी हयात गेली. निवृत्त होताना लोक शाल-श्रीफळ घेऊन येतात. मामा 'रिजेक्ट' असं लिहिलेला लाल शिक्का मागून घेऊन आले. धायरीच्या त्यांच्या फ्लॅटमध्ये तो शिक्का दुधाच्या पिशवीपासून लग्नपत्रिकेपर्यंत कशावरही उमटलेला सापडतो. स्वतः त्यांनी लग्न केलं नाही. माझी बायको म्हणते, मुलगी भिंगाखाली बसायला तयार झाली नसेल.

घरात दुसरं माणूस म्हणजे आक्का, त्यांची थोरली बहीण. पन्नाशीच्या आतच त्यांची दृष्टी गेली आणि तेव्हापासून त्या मामांकडेच असतात. आक्का मानी आहेत. साधी वेळ विचारणंसुद्धा त्यांना लाचारी वाटते. म्हणून तीस वर्षांपूर्वी मामांनी त्यांना स्वतःच्या हातानं एक बोलणारं घड्याळ करून दिलं. चहाच्या डब्याएवढी लाकडी पेटी, वर एक बटण. दाबलं की मामांच्याच आवाजात ते सांगायचं, "पावणेचार." सव्वा, साडे, पावणे, दीड, अडीच, सगळं मामांनी स्वतः बोलून एका आयसीत साठवून ठेवलं होतं. बोटाच्या दोन पेरांएवढी ती काळी चिप म्हणजे त्या घड्याळाचा गळा. दोन वर्षांपूर्वी तो बसला. आधी शब्द फाटायला लागले, मग नुसती खरखर राहिली, आणि एका गुरुवारी तीही थांबली.

मी लगेच बाजारातून नवंकोरं बोलणारं घड्याळ आणून दिलं. आक्कांनी बटण दाबलं, ऐकलं आणि ते माझ्याकडे परत सरकवलं. "ही बाई थ्री फॉर्टीफाइव्ह म्हणते," त्या म्हणाल्या. "मला पावणेचार हवेत."

आता ती जुनी आयसी मिळवणं आलं. ती बनायची केव्हाच बंद झाली आहे. दुकानदार हात वर करतात. राहता राहिलं ऑनलाइन, आणि तिथं तर बंद पडलेली प्रत्येक गोष्ट 'एकदम नवी, ओरिजिनल' म्हणून ढिगानं मिळते. मामांचं मोबाइलशी जमत नाही, सबब ऑर्डरी माझ्या खात्यावरून. मी खराडीला ऑफिसच्या मीटिंगमध्ये असलो की नेमका फोन यायचा. "जावईबापू, पार्सल आलंय. या."

"मामा, उघडा ना तुम्हीच."

"साक्षीदाराशिवाय पार्सल उघडत नसतात."

मग शहराच्या त्या टोकाहून या टोकाला मी साक्ष द्यायला जायचो. आधी भिंग. आयसीवरची अक्षरं फार पांढरीशुभ्र दिसली की मामांची भुवई वर. मग माझ्या बायकोची नेलपॉलिश काढायची बाटली. कापसाचा बोळा भिजवून ते आयसीच्या पाठीवर घासत आणि काळा झालेला बोळा माझ्या नाकासमोर धरत. "रंग दिलाय. जुनं नाव घासून वर नवं छापलंय. ओरखडे बघा, सगळे एकाच दिशेला." मग आयसीचे पाय. "जुना डाख चिकटलाय. भंगारातल्या बोर्डावरून उपटलीय." एकदा पाच आयसी आल्या, पाचांवर बॅच नंबर एकच आणि देश दोन. मामांनी शिक्का इतक्या जोरात मारला की टेबलावरचा चहा सांडला.

मामांच्या लेखी या धंद्यात लबाड्या दोनच. एक नकली, म्हणजे आत भलतंच किंवा काहीच नाही. दुसरी वापरलेली, म्हणजे आत माल खरा, पण आयुष्य खर्ची पडलेलं, आणि वरून रंग फासून नवी म्हणून विकलेली. दुसरीचा त्यांना जास्त राग. "नकली परवडली हो," ते म्हणत, "वापरलेली आज बोलते आणि उद्या मान टाकते." हे प्रवचन आक्का कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून दर पार्सलाला ऐकायच्या. चौदावं पार्सल परत केल्यावर त्या संकेतस्थळानं 'संशयास्पद ग्राहक' म्हणून माझंच खातं बंद केलं. मामांना सांगितलं तर म्हणाले, "तरी मी तुम्हाला सकृद्दर्शनीच म्हटलं होतं." पुढच्या ऑर्डरी बायकोच्या खात्यावरून सुरू झाल्या.

यात हसण्यासारखं खरं तर फार थोडं होतं. घड्याळ गेल्यापासून आक्का वेळ विचारेनाशाच झाल्या. खालच्या शाळेची घंटा, शेजारच्या कुकरच्या शिट्ट्या, यांवर दिवस रेटायच्या. एका रविवारी आम्ही गेलो तेव्हा दुपारचे तीन वाजले होते, बाहेर रणरणतं ऊन, आणि आक्का सांजवात लावून देवापुढं हात जोडून बसल्या होत्या. डुलकी काढून उठल्या आणि त्यांना संध्याकाळ झालीशी वाटली. शेजारी मामाही हात जोडून बसले होते. त्यांनी मला डोळ्यांनीच गप्प केलं. नंतर आतल्या खोलीत म्हणाले, "तिला कसं सांगू हो तीन वाजलेत म्हणून? एवढीशी वस्तू, ती खरी मिळू नये?"

गेल्या महिन्यात एकुलती एक आयसी आली. विकणाऱ्याकडे तेवढीच उरली होती. भिंगात अक्षरं सुबक दिसली. बोळा पांढराच राहिला. पाय चकचकीत. मामांनी तीनदा तपासली आणि तिन्ही वेळा शिक्का ड्रॉवरमध्येच राहिला. मला तर पेढे आणावेसे वाटले. त्यांनी ती घड्याळात बसवली आणि कोरी असल्याची खात्री करायला आक्कांनाच बटण दाबायला सांगितलं. आतून 'टिंग टाँग' झालं आणि कुणी एक बाई कुठल्याशा परक्या भाषेत मोठ्या अदबीनं काहीतरी सांगून गेली. बहुधा लिफ्टचं दार लागतंय, सांभाळा, असं काहीतरी.

"कोण आलंय?" आक्कांनी विचारलं.

नवी आयसी मुकी असते. ही कुठल्यातरी लिफ्टमध्ये वर्षानुवर्षं बोलून आलेली होती, आणि ते भिंगाला कळलं नव्हतं. मामांनी ड्रॉवर उघडला.

"राहू दे तो शिक्का," आक्का म्हणाल्या. "त्या बाईचं पूस आणि तू बोल."

"अगं, वापरलेली आहे ती. सहा महिने चालेल, नाहीतर सहा दिवस."

"मग माझं तरी कुणी काय लिहून दिलंय?"

मामांनी पंखा बंद केला, खिडक्या लावल्या, घसा खाकरला आणि एकेक शब्द बोलून आयसी भरली. नंतर आक्कांनी बटण दाबलं. "साडेचार." जुन्या घड्याळातला आवाज मलाही आठवत होता. खणखणीत, घाईतला, चाळिशीतला. हा साडेनंतर जरासा दम घेत होता. आक्कांनी पुन्हा दाबलं. पुन्हा तेच.

"घड्याळातला तू म्हातारा झाला नव्हतास रे," त्या म्हणाल्या.

भावाचे पांढरे झालेले केस आक्कांनी कधी पाहिलेच नाहीत. तो तरणा आवाज मात्र अठ्ठावीस वर्षं दिवसातून वीस वेळा त्या ऐकत आल्या होत्या. मामा गडबडीनं पेटीकडे सरसावले. "पुसतो. जरा जोर लावून बोलून बघतो."

आक्कांनी पेटीवर हात ठेवला. "नको. मी पास केलाय. वापरलेला आहे, पण खरा आहे."

मामा भिंग घेऊन खिडकीशी गेले आणि आमच्याकडे पाठ करून बराच वेळ ते पुसत राहिले.

घड्याळ अजून चालू आहे. परवा गेलो होतो तेव्हा मामा स्वयंपाकघरात कणीक मळत होते. बाहेर बटणाची टिक ऐकू आली तसे त्यांचे हात थांबले, आणि उत्तर येईपर्यंत ते श्वास रोखून उभे राहिले.