डाव्या हाताची सही

लकवा झालेल्या माणसाची डाव्या हाताची सही कचेऱ्यांनी मान्य करावी, एवढा एक परिच्छेद मी सरकारी आरोग्य समितीच्या अहवालासाठी हट्टानं लिहिला होता. अध्यक्षांनी तो खोडला. "डॉक्टर, ही किरकोळ बाब. खाटांचं बोला." ऐंशी साल नुकतंच उलटलं होतं. बारा वर्षं मी लकव्यातून उठणाऱ्यांच्या हातांवर काम करत होतो, कुणाच्या सरकारी आदेशाशिवाय, आणि खाटा मोजणारे मला किरकोळ काय ते शिकवत होते. तो राग अजून उतरलेला नाही.

पुढच्याच आठवड्यात एका रुग्णाला घेऊन मी सातपूरच्या कारखान्यात गेलो. तो तिथे स्टोअरकीपर होता. उजवा हात गेलेला, बोलणं अडखळत. चार महिने मी त्याला डाव्या हातानं लिहायला लावलं होतं, आधी पाटीवर, मग वहीत. कामावर परत घेण्याच्या फॉर्मवर त्यानं सही केली. कचेरीतल्या साहेबांनी जुनी सही शेजारी धरली.

"जुळत नाही. अंगठा लावा, नाहीतर फॉर्म घेता येणार नाही."

"त्याला लिहिता येतं."

"मग जुळू द्या की!"

"तुमचा हात गेला तर तुमची जुळेल?" माझा आवाज चढला. बाहेरची टायपिंगची खडखड थांबली. "साक्षर माणसाचा अंगठाच पाहिजे, असं लेखी द्या."

लेखी म्हटल्यावर साहेब नरमले. "बरं, तुमचंही राहू द्या, माझंही. सही घेतो, शेजारी अंगठा असू दे." त्यांनी शाईचा पॅड पुढे सरकवला.

सौदा वाईट नव्हता. निम्मं पदरात पडलं की उठायचं, हे मी आयुष्यभर करत आलो. नोकरी वाचत होती. मी त्याचा लुळा हात उचलून पॅडकडे नेला.

त्यानं डाव्या हातानं माझं मनगट धरलं.

"बा... बाप लावायचा," तो म्हणाला. "मी नाय."

मी त्याला विचारलंही नव्हतं. खुर्ची ओढून बसलो. "साहेब, लेखी द्या, नाहीतर नुसती सही घ्या. मला आज दुसरं काम नाही."

साहेबांनी घड्याळ पाहिलं, पॅड मिटला. "सोमवारपासून या."

परतीच्या बसमध्ये माझ्या शेजारची जागा रिकामी होती. तो पुढे जाऊन बसला.