नाव टाकल्यावर काय येतं

नात म्हणाली, "आज्जी, मी साईट उभी करतेय."

मला वाटलं बांधकाम. साईट म्हणजे आम्हाला तेवढंच ठाऊक. कडेगावकडं कालव्याचं काम चाललं होतं तेव्हा मी साईटवर माती वाहिलेली आहे. मी विचारलं, "कुठं? आणि मुकादम कोण?" ती इतकी हसली की हातातला चहा सांडला. मग तिनं मोबाईल माझ्यापुढं धरला. काळ्या पानावर पांढऱ्या अक्षरांत तिच्या कॉलेजच्या आकाशदर्शन मंडळाचं नाव होतं आणि खाली बारीक अक्षरांत तिचं.

तेव्हा ती साताऱ्यात बी.एस्सी. करत होती. माझा मुलगा, म्हणजे तिचा बाप, पलटणीतून निवृत्त होऊन एमआयडीसीतल्या एका कारखान्याच्या गेटवर लागला होता. सून वारल्यापासून दोन खोल्यांत आम्ही तिघंच.

मंडळातली मुलं-मुली अमावास्येच्या आसपास सरांबरोबर गावाबाहेरच्या माळावर जात, दुर्बीण लावून तारे बघत. पोरं दुर्बीण उचलत, फोटो काढत आणि मोकळी होत. ते सगळं साईटवर चढवायचं, पुढच्या वेळी कुठं जमायचं ते लिहायचं, बिघडलं तर दुरुस्त करायचं, हे हिच्याकडं. कुणालाच ते काम नको होतं म्हणून ते हिच्याकडं आलं. घरातली कामं बाईकडं येतात तसंच.

माझं शिक्षण चौथी. लिहिलेलं ती आधी मला वाचायला लावायची. मी अडखळले की ते वाक्य मोडून पुन्हा लिहायची. "तुला कळलं की सगळ्यांना कळलं," असं म्हणायची. हा माझा मान की अपमान, ते मी विचारलं नाही. शनीला कडी असतात हे मला तेव्हा कळलं. तोवर त्याची साडेसातीच माहीत होती.

साईटवर संपर्काला एक नंबर लागत होता. पोरांनी आपापले दिले नाहीत, हिनं आपला टाकला. ग्रहण आलं की फोन सुरू.

"बाई, पोटुशी सून हाय. गिराणात भाजी चिरली तर चालंल का?"

"चालेल मामी. बोट तेवढं सांभाळा."

"आन झोपली तर?"

"झोपू द्या. तुम्हीच भाजी चिरा."

ती एवढं मन लावून करत होती त्याला कारण होतं. तिला पुढं पुण्याला एम.एस्सी. करायचं होतं. सर म्हणाले होते, अर्जाबरोबर ही साईट दाखव, मार्कांपेक्षा तिचा उपयोग होईल. बाप म्हणाला होता, तोवर चांगलं स्थळ आलं नाही तर जा. म्हणजे तिचं पुणं आधीपासूनच दुसऱ्याच्या हातात होतं. तिला ते कळत होतं. म्हणून ती घाईत असायची.

शेवटच्या वर्षाला स्थळ आलं. कडेगाव भागातलं, बागायती ऊस, मुलगा फौजेत. पोहे खाल्ले, मुलगी पसंत आहे म्हणाले आणि गेले. घरी जाऊन मुलाच्या चुलत्यानं मोबाईलवर तिचं नाव टाकलं. पूर्वी चौकशीला गावात माणूस पाठवायचे, आता नाव टाकतात.

माझ्या मुलाचा एक कान पलटणीतच गेलाय, म्हणून तो फोन मोठ्यानं लावतो. त्यामुळं सगळं आम्ही ऐकलं.

"पाव्हणं, तुमची मुलगी रात्रीचं कार्यक्रम करती व्हय?"

"कसलं कार्यक्रम?"

"आमाला काय म्हाईत? मोबाईलवर आलंय. रात्रीचा कार्यक्रम, संपर्क, आन खाली तिचं नाव, नंबर. फोटूत धा-बारा पोरं. समदं अंधारातलं."

"आवं, ते तारं बघत्यात. कॉलेजचं हाय ते. मास्तर असत्यात संगं."

"तारं आमच्या अंगणातनं बी दिसत्यात की, पाव्हणं."

फोन बंद झाला.

आमच्या भागात रात्रीचा कार्यक्रम म्हटलं की लोकांना ऑर्केस्ट्रा आठवतो, नाहीतर मटण आणि बाटली. ती ओळ मीही वाचली होती. तीत मला काही वावगं दिसलं नव्हतं आणि आजही दिसत नाही. तारे रात्रीच दिसतात.

बाप एवढंच म्हणाला, "नाव काढ." तिनं त्याच्यासमोर काढलं, नंबरही काढला. पण मोबाईलवर ते येतच राहिलं. ड्युटीवरून आला की बूट काढायच्या आधी तो तिचं नाव टाकायचा.

"अजून येतंय."

"मी काढलंय बाबा. इथं दिसायचं थांबायला वेळ लागतो."

"पुसलं की गेलं पायजे. पाटीवरचं जातं की."

"ही पाटी नाही."

असे बरेच दिवस गेले. मग एक दिवस तो म्हणाला, "समदंच बंद कर."

मी मध्ये पडले. म्हटलं, "पोरीनं केलंय काय, ते तरी सांग."

"काय केलं न्हाई, आये. मला ठावं हाय. पर मी कुणाकुणाला सांगत बसू?"

त्याला कळत नसतं तर मी समजावलं असतं. त्याला कळत होतं.

मंडळातल्या एका पोरानं फोन केला, बंद करू नकोस, माझ्याकडं दे. ती म्हणाली, "प्रत्येक लेख माझा आहे, प्रत्येक फोटोत मी आहे. माझं काढत बसलास तर उरेल काय?" सर म्हणाले, निदान एक प्रत तुझ्याजवळ ठेव. तीही तिनं ठेवली नाही. मी कारण विचारलं. म्हणाली, "कुणाला दाखवू?"

तिनं साईट बंद केली तेव्हा मी शेजारी बसले होते. बंद करताना लॅपटॉप विचारतो, नक्की का? एकदा हो म्हटलं तरी पुन्हा विचारतो. घरात तिला तेवढंही कुणी विचारलं नव्हतं.

पुण्याचा अर्ज तिनं भरलाच नाही.

उन्हाळ्यात त्याच चुलत्याचा फोन आला. "पाव्हणं, आता काय येत न्हाई. आमची काय हरकत न्हाई." जसं काही तिला दुखणं होतं आणि ते बरं झालं होतं. माझा मुलगा लगेच हो म्हणाला. त्या दिवशी किती दिवसांनी तो पोटभर जेवला.

मी तिला बाजूला घेतलं. म्हटलं, "नको म्हण. मी आहे."

"तू किती दिवस आहेस, आज्जी?"

लागावं म्हणून ती बोलली नव्हती. खरंच विचारत होती.

लग्नात तांदळात बोटानं लिहून तिचं नाव बदललं. जुनं नाव मी इथंही लिहिणार नाही. लिहिलं तर पुन्हा कुठंतरी येईल, आणि ते तिलाच निस्तरावं लागेल.

मंडळाच्या पोरांचं आता मोबाईलवर दुसरं काहीतरी आहे म्हणतात. त्यात फोटो असतात, वाचायला काही नसतं. ग्रहण आलं की आता बाया कुणाला विचारतात, माहीत नाही. कुणालाच नसतील.

मागच्या महिन्यात मी तिच्याकडं जाऊन आले. नवरा लांब पोस्टिंगवर. घरात सासू, सासरे, चुलता, चुलती, दीर. ती ओट्याशी उभी राहून भाकरी थापत होती. बारीक झालीय. चुलता आतल्या सोप्यात कॉटवर बसला होता. माणूस वाईट नाही. मला त्यानं हातानं पाणी आणून दिलं.

"मावशी, नात लय गुणाची हाय तुमची," तो म्हणाला. "नाव टाकून बघा, काय बी येत न्हाई." आणि मोबाईल माझ्या हातात दिला.

मी एका बोटानं टाकलं. टाकायचं तिनंच शिकवलं होतं. नव्या नावाच्या भलत्याच बाया आल्या. एक कुठली डॉक्टर, एक पार्लरवाली. मी खालपर्यंत बघितलं. मग जुनं नाव टाकलं आणि परत खालपर्यंत बघितलं.

"काय आलं, आज्जी?" तिनं तव्याकडं बघतच विचारलं.

"काही नाही."

चुलता म्हणाला, "बगा. म्हटलं न्हवतं?"