हंबरणारी गाडी

मी कोल्हापुरातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात वारा शिकवते. म्हणजे पाणी आणि वारा कशावरून कसे वाहतात, कुठं अडतात आणि अडले की काय उपद्व्याप करतात, ते शिकवते. गाडीची पुढची काच तिरकी का, तोंड उतरतं का, पाठ अशी निमुळती का, हे सगळं माझ्या विषयात येतं. आमच्या नात्यागोत्यात मात्र एवढीच समजूत आहे की मी पंखे शिकवते. कुणाचा टेबलफॅन खडखडायला लागला की मंगळवार पेठेतल्या माझ्या घरी फोन येतो. गाडी घेताना येत नाही. गाडी घेताना लोक रंग बघतात, मुहूर्त बघतात आणि चाकांखाली लिंबं ठेवतात. यावर मी पूर्वी चिडायचे. आताही चिडते.

कोडोलीच्या माझ्या काकांनी गाडी घेतली तेव्हाही मला बोलावणं आलं ते पेढ्याचं. काकांचा धंदा दुधाचा. सगळी उमर मोटारसायकलला दोन्हीकडं कॅन अडकवून गोठा ते डेअरी अशा फेऱ्या मारण्यात गेली. घर बांधून झालं, एकुलती मुलगी पुण्यात दिली, म्हशी कमी केल्या, आणि मग उतारवयात क्लास लावून ते गाडी शिकले. गाडी कशासाठी, हे त्यांनी गावभर सांगून ठेवलं होतं. मुलगी गरोदर होती, पहिलटकरीण. तिला बाळंतपणासाठी माहेरी आणायचं होतं. भाड्याच्या गाडीतून नाही, जावयाच्या गाडीतून तर नाहीच नाही, बापाच्या गाडीतून.

गाडी पांढरीशुभ्र आणि साबणाच्या वडीसारखी गुळगुळीत होती. छपरावरून वारा अलगद घसरून मागं जावा म्हणून कुण्या बिचाऱ्यांनी वर्षानुवर्षं डोकं खपवलं असणार. काकांनी आठवड्याच्या आत त्या छपरावर लोखंडी गोल पाइपांचं कॅरिअर बसवून घेतलं. मी विचारलं, "हे कशाला?"

"टकली दिसत हुती," काका म्हणाले. "आन् बारशानंतर पोरगी सासरी जाईल, तवा पाळणा कशावर धाडायचा? मांडीवर?"

याला माझ्या शास्त्रात उत्तर नाही.

गाडी गावात फिरत होती तोवर गुणी होती. पहिल्यांदा हायवेला लागली, काटा ऐंशीवर गेला आणि ती हंबरायला लागली. हंबरायलाच, दुसरा शब्द नाही. रेडकू दुरावलेली म्हैस हंबरते तशी, लांबलचक, पोटातून. वेग कमी केला की गप्प, वाढवला की पुन्हा सुरू. काकी मागच्या सीटवर बसल्या होत्या. घरी येऊन त्यांनी पदर खोचला आणि निकाल दिला.

"गाडी रडतीया. असल्या रडक्या गाडीत माझी पोटुशी पोरगी बसणार न्हाय. भाड्याची सांगा."

काकांचं तोंड एवढंसं झालं. मग इलाज सुरू झाले. मेस्त्रीनं बेअरिंग बदललं. टायरवाल्यानं पुढची चाकं मागं आणि मागची पुढं केली. शेजारणीनं मीठमोहऱ्यांनी नजर उतरवली. गाडी हंबरतच राहिली. ओटीभरणाचा दिवस जवळ येत चालला, आणि इतकं सगळं होऊन मला कुणी विचारलं नाही. कसं विचारतील? पंखा थोडाच होता तो!

शेवटी मीच आगाऊपणा करून गाडीत बसले, काकांबरोबर हायवेनं कागलपर्यंत गेले, आणि पहिल्याच हंबरड्याला म्हणाले, "काका, हा वारा आहे. तुमच्या कॅरिअरच्या पाइपावर वाजतोय."

"वारा? वारा काय आज आलाय व्हय?"

"ओढ्यात काठी उभी धरली की काठीच्या मागं भोवरे सुटतात ना? एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून? वाऱ्यातही तसेच सुटतात. पाइप गोल, वारा जोराचा, भोवरे एका तालात. त्याचाच हा आवाज."

"ओढ्यातलं दिसतंय की," काका म्हणाले. "वाऱ्यातलं दाव."

कॅरिअर काढून एक चक्कर मारू, असं मी सुचवून पाहिलं. पण त्याला बोल्टवरून वेल्डिंगचे टाके मारलेले. काढायचं म्हणजे कापायचं, आणि कापायचं नाव काढताच काका माझ्याकडं असे बघायला लागले की मी विषय बदलला. काकींनी मात्र अट घातली. त्यांच्या डोळ्यांना वारा दिसला तर पोरगी ह्या गाडीतून येणार, नाही दिसला तर भाड्याची. काका मला म्हणाले, "बाई, आता माझी अब्रू तुझ्या हातात हाय." इतकी वर्षं शिकवतेय, पण माझ्या विषयाला एवढी किंमत कुणी दिली नव्हती. मला भरून आलं.

वारा दाखवायची एक जुनी रीत आहे. तेलात रंग कालवायचा, त्याचे ठिपके गाडीवर द्यायचे आणि गाडी पळवायची. वारा जिकडं जाईल तिकडं ठिपका ओघळतो, आणि गाडी थांबवली की वाऱ्याची वाट पत्र्यावर उमटलेली असते. आमच्याकडं रंग म्हणजे गुलाल. जोतिबाच्या पंचक्रोशीत तो शोधायला जावं लागत नाही. काकींनी वाटीत गोडेतेल दिलं, मी गुलाल कालवला, आणि रविवारी सकाळी आम्ही तिघं कागलच्या वाटेला लागलो. रस्त्याकडेला गाडी उभी करून मी बॉनेटवर आणि छपरावर नेमके, समान अंतरानं ठिपके दिले. हात पुसायला वळले, तेवढ्यात काकांचा आवाज आला.

"एवढ्याशा टिकल्यांनी काय व्हतंय?"

मागं बघते तर त्यांनी गुलालाची अख्खी पिशवी बॉनेटवर ओतली होती. कोल्हापूरच्या माणसाला चिमूटभर गुलाल ही गोष्टच माहीत नाही. तो देवाला असो, मिरवणुकीला असो की विज्ञानाला असो, उधळायचाच असतो. मी कपाळाला हात लावला, आणि कपाळ गुलाबी झालं.

गाडी सुटली. आधी बॉनेटवरून गुलाबी ढग उठला, मग तेलात कालवलेला गुलाल काचेवर आला. काकांनी वायपर लावला. त्यानं सगळं सारखं सारवून टाकलं. गाडी हंबरायला लागली, काका खिडकीतून मुंडी बाहेर काढून रस्ता बघायला लागले, काकी मागून अंबाबाईला हाक मारायला लागल्या, आणि मी "थांबवा! थांबवा!" म्हणून ओरडत होते. कशीबशी गाडी हायवेवरून खाली उतरली. काच धुवायला पाणी तर हवं होतं, म्हणून आम्ही पहिलं दिसलं त्या गावात शिरलो.

त्या गावात, नेमकं त्याच दिवशी, सोसायटीच्या निवडणुकीची मतमोजणी चालली होती.

शाळेसमोर दोन्ही पॅनेलची माणसं सकाळपासून ताटकळत उभी होती. हलगीवाले हलगी शेकून तयार. अशात नखशिखान्त गुलालानं माखलेली गाडी समोर येते, आत पागोटं शोभेल असा, गुलालानं माखलेला धिप्पाड माणूस, आणि मागं गुलाबी झालेली बाई. आमच्या भागात गुलालाचा अर्थ एकच. कोण निवडून आलं, असं विचारायला कुणी थांबलंच नाही. हलगी कडाडली. विमान चिन्हाच्या पॅनेलवाल्यांना वाटलं आपणच आलो, कपबशीवाल्यांनाही तसंच वाटलं. वर्षभर एकमेकांचं तोंड न बघणारी माणसं खांद्याला खांदा लावून नाचायला लागली. कुणीतरी काकांना खाली ओढून घेतलं आणि त्यांच्या गळ्यात हार पडला.

"अवो पावणं, मी दूधवाला हाय!" काका ओरडत होते.

"आमीबी दूधवालंच हाय की!" म्हणत लोकांनी त्यांना खांद्यावर घेतलं.

एक पठ्ठ्या चाकावर पाय देऊन छपरावर चढला आणि कॅरिअरवर उभा राहून नाचू लागला. चार-पाच जण त्याला सांभाळायला छपरावर हात टेकून उभे. माझे ठिपके, माझे ओघळ, माझी वाऱ्याची वाट! सगळं तळव्यांनी पुसलं जात होतं. मी खाली उभी राहून बोंबलत होते, "अहो, छपराला हात लावू नका! प्रयोग आहे!" माझ्या अंगावर आणखी एक मूठ गुलाल पडला.

शेवटी शाळेतून एक कर्मचारी बाहेर आला आणि अजून मोजणी चालू असल्याचं त्यानं सांगितलं. हलगी थांबली. माणसं एकमेकांकडं बघायला लागली, मग आपण कुणाबरोबर नाचत होतो ते त्यांच्या ध्यानात आलं. गाडी कुणी आणली यावरून बाचाबाची सुरू झाली. दोन्हीकडचे काकांना विचारायला लागले. काकांनी गळ्यातला हार काढून गाडीच्या आरशाला अडकवला आणि म्हणाले, "जो निवडून यील, त्याची म्हना. आमास्नी बादलीभर पानी द्या फकस्त." दोन्ही पॅनेलनी एकेक बादली दिली. चहासुद्धा दोनदा झाला.

गावाबाहेर येऊन छप्पर बघितलं तर एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंत सपाट गुलाबी. माझा पुरावा गेला होता. मी चिडून तीन पिढ्यांचा उद्धार केला, त्यात माझ्याही आल्या. काका मात्र खुशीत होते. "बगितलंस? माणूस नाचला तरी कॅरिअर हललं न्हाय."

आता दाखवायचं काही उरलं नव्हतं, करायचंच उरलं होतं. डिकीत म्हशीचं जुनं दावं होतं. ते घेऊन मी कॅरिअरच्या आडव्या पाइपांना वेटोळं घालत घट्ट गुंडाळलं, वेल खांबावर चढतो तसं. पाइपाचा गुळगुळीतपणा मोडला की भोवऱ्यांचा ताल मोडतो, आणि ताल मोडला की आवाज बसतो.

"गाडीला राखी बांधायलीस व्हय?" काका म्हणाले.

"बसा आणि चालवा," मी म्हणाले. माझा आवाज बहुतेक चांगला नव्हता, कारण ते मुकाट्यानं बसले.

हायवे आला. साठ. सत्तर. ऐंशी. गाडी गप्प. अगदी गप्प, देवळाच्या गाभाऱ्यात असतं तसं. मी आनंदानं टाळी वाजवणार होते, पण तेवढ्यात त्या शांततेत दुसरा एक आवाज ऐकू आला. बारीक, सलग पुटपुट. काका बोलत होते, स्वतःशीच.

"जोतिबा, सांभाळ रं बाबा... आला, ट्रक आला... गेला, गेला... आता कंटेनर... आई अंबाबाई, पोरीचं तोंड बघू दे... गेला... आरं देवा, उसाचा ट्रॅक्टर..."

त्यांचे हात स्टिअरिंगवर पांढरे पडले होते. गुलालातूनही ते दिसत होतं. आजवर हंबरण्याखाली हे दबून गेलं होतं, आणि त्यांना स्वतःला आपण बोलतोय याचा पत्ताही नव्हता. मी आरशातून काकींकडं पाहिलं. त्या खिडकीबाहेर बघत होत्या. त्यांना हे नवीन नव्हतं.

वाटेत पंपावर काका हवा बघायला उतरले, तेव्हा काकी मागून पुढं वाकल्या. "तुला कुणी सांगितलं हुतं गं एवढं शानपण?" त्या हळूच म्हणाल्या. "गाडी रडत हुती, तवर गाडीला नाव ठेवता येत हुतं. आता माणसाला ठेवायला लागंल."

माझा सिद्धांत बरोबर होता, दावं बरोबर होतं, आणि मी एका बाईनं नवऱ्यासाठी जपून ठेवलेला आडोसा काढून टाकला होता. काका मात्र आल्या आल्या म्हणाले, "आता कसली भाड्याची? पोरगी आपल्या गाडीतनं येनार." काकी "व्हय की," म्हणाल्या.

पुण्याला जायच्या दिवशी सकाळी काका गाडी घेऊन माझ्या दारात हजर. आवाज पुन्हा सुरू झाला तर मी बरोबर असलेली बरी, असं त्यांचं म्हणणं होतं. मी पुढच्या सीटवर बसले. हायवेला लागायच्या आधी त्यांनी गाडी कडेला घेतली, डोळे चोळले आणि समोर बघतच म्हणाले, "डोळा जरा चुरचुरतोय. तू घेतीस का?"

"धूळ गेली असंल," काकी लगेच म्हणाल्या. सगळ्या काचा बंद होत्या.

मी पुण्यापर्यंत चालवली आणि पुण्याहून परतही मीच चालवली. काका येताना मागं मुलीशेजारी बसले, तिची पिशवी मांडीवर घेऊन. ट्रक आला की ते तिच्यापुढं हात आडवा धरायचे. ती हसायची. हायवे सोडून कोडोलीच्या रस्त्याला वळल्यावर ते म्हणाले, "आता दे इकडं." मी उतरून मागं गेले. ओळखीच्या रस्त्यावर त्यांनी गाडी अशी चालवली की मुलीच्या पोटातलं पाणी हललं नाही.

दारात भावकी जमली होती. काकांनी गाडी उंबऱ्याला लावली, उतरले, फेरा मारून मुलीचं दार स्वतः उघडलं. शेजारीण भाकरतुकडा ओवाळून टाकता टाकता म्हणाली, "आगं बया, पुण्यापास्नं तुमीच आणली व्हय गाडी?"

काकांचं तोंड उघडलं आणि तसंच राहिलं.

"मग?" काकी म्हणाल्या. "बाप असताना दुसरं कोण आणनार?"

मुलीनं माझ्याकडं पाहिलं. मी डिकीतल्या पिशव्या काढायला गेले.