मानसिंगचा भिंतीचा चरक

कुपवाडच्या एमआयडीसीत माझं हार्डवेअरचं दुकान आहे आणि दुकानाला लागूनच मानसिंगची शेड. इतका शेजार, पण या गृहस्थानं माझ्याकडून कधी साधा खिळा विकत घेतला असेल तर शपथ. त्याला नवं लोखंड चालतच नाही. भंगारवाल्याला पाहून त्याचा चेहरा जसा खुलतो तसा मला पाहून कधी खुलला नाही, हा माझा जुना राग आहे.

मानसिंग मूळचा वडूजकडचा. थोरला भाऊ फौजेत गेला, धाकट्यानं कोरडवाहू रान धरलं आणि हा मधला कुपवाडला लेथवर लागला. कारखाना बंद पडला तेव्हा बाकीचे कामगार दुसरीकडे चिकटले. यानं पत्र्याची शेड उभी केली आणि लोकांच्या अडलेल्या कामांसाठी अवजारं बनवायला लागला. कुणाला नारळ सोलायचे असत, कुणाला पाइप वाकवायचा असे. त्याची बायको शालूबाई म्हणते, "ह्यास्नी सरळ काम दिलं की ताप येतोय." खरंच आहे ते.

त्याचं सगळ्यात गाजलेलं अवजार म्हणजे भिंतीला मोठं गोल भोक पाडायचा चरक. गाजलेलं म्हणायचं, पण हसणारेच जास्त होते. बोअरवेलच्या केसिंग पाइपचा दोन हात लांब तुकडा. त्याच्या तोंडाला दाते पाडलेले आणि त्या दात्यांवर, लेथवाल्यांनी झिजल्या म्हणून फेकलेल्या, लोखंड कापायच्या कठीण टिपा पितळेचा डाग देऊन बसवलेल्या. फिरवायला बंद पडलेल्या रसवंतीचा चरक, चाकासकट आणि घुंगरांसकट. मागून रेटायला मोटारीचा जॅक. दाते तापू नयेत म्हणून वर सलाईनची बाटली टांगलेली, थेंब थेंब पाणी सोडणारी.

"अरे, घुंगरं तरी काढ," मी म्हटलं.

"आसूं द्या की शेठ. ताल चुकला की कळतंय, दाता आडकला म्हनून."

आता रेश्माचं सांगतो. सांगलीत गावभागात माझं घर आहे. समोरच्या क्षमावहिनींकडे मागची खोली भाड्यानं घेऊन रेश्मा चुरमुऱ्यांचं भडंग करते. नवरा ट्रकवर, महिना महिना बाहेर. भडंग सांगलीला नवं नाही, पण तिच्या हाताला चव आहे. तिच्या पुड्या पार वाईपर्यंत जातात. अडचण एकच. लसूण-मिरचीची फोडणी पडली की अख्ख्या घराला ठसका, कारण त्या खोलीची एकुलती एक खिडकी वहिनींच्या माजघरात उघडते. वहिनींना दमा. शेवटी त्यांनी सांगितलं, "धूर मागच्या बोळात काढायची काहीतरी सोय कर, नाहीतर दुसरी जागा बघ. तुला घालवायचं नाही गं माझ्या मनात. पण मला श्वासही घ्यायचाय."

सोय म्हणजे मागच्या दोन फुटी दगडी भिंतीतून धुराडं. आणि त्या भिंतीला वहिनी खिळासुद्धा ठोकू देत नाहीत. महापुरात ती छातीभर पाण्यात उभी होती. पाणी ओसरल्यावर शेजारची तशीच भिंत वहिनींच्या डोळ्यांदेखत खाली बसली. तेव्हापासून पहार-छिन्नीचं नाव काढलं तरी त्या कानांवर हात ठेवतात. भोक पाडायचं भाड्याचं मशीनसुद्धा भिंतीत बोल्ट ठोकूनच उभं राहतं. मी मोठ्या तोऱ्यात म्हणालो, "आमचा मानसिंग ठोकाठोक न करता भोक पाडतो." बोलून गेलो आणि मग मलाच घोर लागला.

मानसिंग टेंपोतून चरक घेऊन आला. तो हलू नये म्हणून त्याच्या चौकटीवर रेश्माकडची शेंगदाण्याची पोती टाकली. मग वहिनींना म्हणाला, "वैनी, तुमी भितीला हात लावून बसा. हाताला हादरा लागला की थांब म्हना. आमी थांबतो."

वहिनी खरंच पाट घेऊन बसल्या आणि तापाच्या माणसाच्या कपाळावर ठेवावा तसा त्यांनी भिंतीवर तळवा ठेवला. मानसिंग मागून जॅक रेटू लागला, मी आणि रेश्मा आळीपाळीनं चाक फिरवू लागलो. माझे हात वजनकाट्याला सरावलेले, चाकाला नव्हेत. पण रेश्मासमोर दमलो म्हणायची लाज. घुंगरं अशी वाजत होती की बोळातून दोघी बायका रस मिळतो का विचारायला आल्या.

दुपारपर्यंत आतला दगड कापला गेला. वहिनींचा हात शांत होता. मी मनातल्या मनात मिशीला ताव देत होतो, तेवढ्यात चाक गचकन अडलं. वहिनी ओरडल्या, "थांबा!"

मानसिंग चाकापाशी आला, भोकाला कान लावला आणि कपाळावर हात मारून घेतला. चरकाची परीक्षा त्यानं आपल्या गावाकडच्या वाड्या-वस्तीवरच्या दगडी गडग्यांवर घेतली होती. तिथं आरपार दगडावर दगड. ही भिंत दोन अंगांनी दगडाची आणि पोटात नुसती चिप्पांची, म्हणजे दगडाच्या कपच्यांची, आणि मातीची भर. ते सुटे दगड दात्यांबरोबर गरगर फिरायला लागले होते. रसवंतीत ऊस अडकला की चाक अर्धा फेरा उलटं फिरवतात, तसं त्यानं हळूच उलटं फिरवलं आणि पाइप बाहेर काढला. मागोमाग ओंजळभर चिप्पा खाली आल्या.

वहिनी पांढऱ्याफटक पडल्या. "झालं तेवढं पुरे. बुजवून टाका." त्या रागानं बोलत नव्हत्या, त्या भ्यायल्या होत्या. रेश्मानं आदल्या आठवड्यातच कुपवाडला एक खोली बघून ठेवली होती, आणि तिथून तिची निम्मी गिऱ्हाइकं तुटणार हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. मला फार वाईट वाटलं. मानसिंगचा रागही आला, आणि माझ्या तोऱ्याचा त्याहून जास्त.

रेश्मा खाली सांडलेल्या चिप्पा गोळा करत होती. मधेच थांबून म्हणाली, "दादा, सुटं चुरमुरं कापायला गेलं तर सुरीम्होरं पळत्यात. गुळाच्या पाकात लाडू वळला की मग सुरी चालती. ह्याला पाक न्हाई का घालता यायचा?"

मानसिंगनं तिच्या हातातली एक कपची उचलून पाहिली. "व्हय की गं! सिमेंटचा पाक!" मग वहिनींकडे वळला. "वैनी, पातळ सिमेंट भितीच्या पोटात वततो. सुटं हाय ती सगळं धरून घेईल. मग बुजवा म्हनला तर बुजवतो. पर भित हाय त्यापरीस घट्टच हुईल."

वहिनींनी बराच वेळ भोकात पाहिलं. पुरानं भिंतीच्या पोटाची काय दशा केली होती ते त्यांना आज पहिल्यांदाच दिसत होतं. "ओता," त्या म्हणाल्या. "पुढचं मग बघू."

सिमेंट माझ्या दुकानातून आलं. मानसिंगनं माझ्याकडून घेतलेली ती पहिली वस्तू. मी घरी पेढे आणायचेच काय ते बाकी ठेवले.

आठवडाभर भिंत वाळली. रेश्माची शेगडी तितके दिवस बंद. वहिनी रोज भिंतीला तळवा लावून बघत, आणि शेवटी त्यांनीच मला हाक मारली, "गोपाळराव, बोलवा त्यांना."

या वेळी चाक अडलं नाही. बाहेरचा दगड संपत आला तेव्हा मानसिंगनं मला बोळात पाठवलं. भिंतीवर एक ओला गोल उमटला, पाइपचं तोंड बाहेर आलं, आणि त्यातला दगड अलगद माझ्या हातात आला. मानसिंगनं पाइप मागे ओढून घेतल्यावर मी बोळातून वाकून पाहिलं तर पलीकडे रेश्माचा डोळा. आम्ही दोघं वेड्यासारखे हसलो.

दुसऱ्या दिवशी धुराडं बसलं आणि रेश्मानं शेगडी पेटवली. मी आणि मानसिंग उंबऱ्याशी चहा घेत होतो. लसूण पडला, मिरची पडली, फोडणी चरचरली, आणि धूर मुकाट्यानं वरच्या वर बोळात निघून गेला. आम्ही कुणी बोललो नाही. बोललो तर तो परत फिरेल असं वाटत होतं.

बऱ्याच वेळानं माजघराची खिडकी उघडली. वहिनींनी डोकं आत घातलं. चेहरा काळजीचा होता.

"काय गं रेश्मा, बरं नाही का? सकाळपासून शेगडी पेटवली नाहीस ती?"

रेश्माच्या हातातला झारा तसाच राहिला. मग मानसिंगच म्हणाला, "आवं वैनी, तिसरा घाणा चाललाय."