एकोणिसाव्या फेरीचा झेंडा

नाव: काशीराम धाकू तळेकर. वय: अठ्ठावन्न. राहणार: नवघर रोड, मुलुंड पूर्व. पद: मुख्य ध्वजाधिकारी, उपनगर कार्ट अजिंक्यपद स्पर्धा. हाताखालील कर्मचारी: निरंक. अधिकारक्षेत्र: अंतिम रेषा व तिच्या दोन्ही बाजूंची चार-चार पावले. कर्तव्ये: वाहनांच्या फेऱ्या मोजणे, ठरलेली संख्या पूर्ण होताच काळ्या-पांढऱ्या चौकटींचा झेंडा हलवणे, तदनंतर सदर झेंडा घडी करून कपाटात ठेवणे. वाहन चालवण्याचा परवाना: नाही.

यातली निम्मी माहिती त्याच्या गळ्यातल्या ओळखपत्रावर छापलेली होती. उरलेली सगळ्यांना ठाऊक होती.

काशीराम मुळात तोलार. भांडुपच्या हद्दीला लागून धान्याचं एक मोठं गोदाम होतं, तिथे त्याने एकतीस वर्षं पोती तोलली आणि मोजली. धंदा आटला, शेठजी वारले, आणि त्यांच्या मुलाने, सुबोधने, गोदाम पाडून त्या जागेवर कार्टचा ट्रॅक काढला. कार्ट म्हणजे जमिनीला पोट घासत जाणारी, छप्पर नसलेली, गवत कापायच्या यंत्रासारखा आवाज करणारी छोटी गाडी. गोदामाबरोबर काशीरामलाही काढायला हवं होतं, पण ते त्याला सांगायचं कसं, हे सुबोधला सुचेना. शेवटी त्याने त्याच्या हातात झेंडा दिला.

काशीरामला फरक पडला नाही. पूर्वी पोती जायची, आता गाड्या जातात. दोन्ही वेळा मधे बोललेलं चालत नाही.

त्याची मोजणी गोदामातलीच राहिली. पोती मोजताना पहिल्या पोत्याला कुणी 'एक' म्हणत नाही. 'लाभ' म्हणतात. लाभ, दोन, तीन, चार. का, हे काशीरामने कधी विचारलं नाही. शिकवणाऱ्यानेही सांगितलं नाही. त्याला दुपारपर्यंत दोनशे पोती उतरवायची होती. ट्रॅकवरही गाड्या पहिली फेरी मारून रेषेवरून गेल्या की काशीराम 'लाभ' म्हणायचा आणि विसाव्या वेळी झेंडा हलवायचा. नऊ वर्षांत एकदाही चुकला नव्हता.

ऋतिका त्याची मुलगी. वय वीस, ऑटोमोबाइलचा डिप्लोमा शेवटच्या वर्षाला. कॉलेज सुटलं की ती ट्रॅकवर गाड्या दुरुस्त करायची. दुरुस्त केलेली गाडी चालवून बघायचं कामही तिचंच, आणि गाड्या रोज बिघडायच्या, त्यामुळे तिचा सराव अखंड चालू होता. यंदाच्या मोसमात आठपैकी सात शर्यती झाल्यावर तिचे आणि पार्ल्याच्या मुकुल देवधरचे गुण सारखे झाले. आता शेवटच्या शर्यतीत दोघांपैकी जो पुढे, तो विजेता. विजेत्याला कोइम्बतूरला तीन दिवसांची निवड चाचणी: खरा ट्रॅक, खरी रेसिंग कार. उपविजेत्याला हेल्मेट.

ध्वजाधिकाऱ्याचा नातेवाईक स्पर्धेत नसावा, असा नियम होता. पण नियमपुस्तक सुबोधने नेटवरून उतरवून घेतलेलं, आणि ते एकाच माणसाने वाचलेलं होतं: मुकुलचे वडील चंद्रप्रकाश देवधर, वकील. मोसमाच्या सुरुवातीलाच ते सुबोधला म्हणाले होते, "नियमाप्रमाणे मला हरकत घेता येते. पण तळेकरांना मी मोजताना पाहिलंय. घेत नाही."

मे महिन्यातला शेवटचा रविवार, दुपारचे चार. पत्र्याच्या छपराखाली तीनेकशे माणसं बसली होती आणि सरबत संपलं होतं. शेवटची शर्यत म्हणून सुबोधने दोन सुधारणा केल्या होत्या. पहिली, फेऱ्यांचे आकडे दाखवणाऱ्या मोठ्या पडद्यावर त्याने एका बिल्डरची जाहिरात लावली. दुसरी, दर वेळी गाड्या रेषेवर उभ्या करून शर्यत सुरू व्हायची, ती या वेळी टीव्हीवर दाखवतात तशी चालत्या गाड्यांनी सुरू करायची. पुढे सुबोधची स्कूटर, मागे बारा गाड्या, एक संथ फेरी. स्कूटर बाजूला झाली, हिरवा दिवा लागला की रेषेपासून शर्यत चालू.

"काका, ती पहिली फेरी धरायची नाही हां," सुबोधने सकाळीच बजावलं होतं.

"नाय धरत."

आणि त्याने धरली नाही. गाड्या हिरव्या दिव्याखालून रेषा ओलांडून सुसाट गेल्या तेव्हा काशीराम 'एक' म्हणाला नाही. तो 'लाभ' म्हणाला. कामाला सुरुवात झाली की म्हणायचं म्हणून म्हणाला; त्याच्या हिशेबी ती मोजणी नव्हती. पण खरी पहिली फेरी पुरी करून गाड्या पुन्हा समोर आल्या, तेव्हा जिभेने चाळीस वर्षांच्या सवयीने 'लाभ'नंतर जे येतं ते म्हटलं. दोन.

पुढची मोजणी बिनचूक झाली.

मुकुल पहिल्यापासून पुढे होता. ऋतिका त्याच्या मागे, सहाव्या फेरीपासून इतकी चिकटून, की वळणावर दोघांची मिळून एकच गाडी दिसायची. काशीराम तिच्याकडे बघत नव्हता. तो रेषेकडे बघत होता. अठरा. एकोणीस. त्याने झेंडा सोडवला. वीस. झेंडा हलवला.

मुकुलने झेंडा पाहिला, हात वर केला आणि वेग सोडला. ऋतिकाने काहीच पाहिलं नाही. ती मनात स्वतःच्या फेऱ्या मोजत होती आणि तिची एक उरली होती. ती त्याच्या बाजूने निघाली, अख्खी फेरी एकटीने तुफान मारली आणि रेषेवर येऊन हात वर केला. आता दोन माणसांचे हात वर होते आणि बारा गाड्यांच्या बारा कल्पना होत्या.

संगणकाने सांगितलं: मुकुलने हात वर केला तेव्हा एकोणीस फेऱ्या झाल्या होत्या.

ऑफिसात सुबोध, देवधर, ऋतिका आणि काशीराम. मुकुल बाहेर बूट सोडत बसला होता. देवधरांनी नियमपुस्तक उघडलं आणि चष्मा लावून वाचलं: झेंडा ठरलेल्या अंतराआधी दाखवला गेल्यास शर्यत त्याच क्षणी संपली असे समजावे.

"म्हणजे एकोणिसाव्या फेरीला पुढे असलेला जिंकला," ते म्हणाले. "प्रश्न एवढाच, की झेंडा दाखवला गेला का."

कॅमेरा कॅन्टीनच्या गल्ल्याकडे तोंड करून लावलेला होता. सुबोध तेव्हा बक्षिसांचं टेबल मांडत होता. प्रेक्षकांतले निम्मे हो म्हणत होते, निम्मे ऋतिकासाठी शिट्ट्या मारत होते.

"तळेकर जे लिहून देतील ते मला मान्य आहे," देवधर म्हणाले. "उगाच वाद नको." आणि ते मुकुलकडे गेले.

सुबोधने दार लोटून घेतलं. "काका, ऐका. झेंडा तुम्ही सोडवून तयार ठेवत होता, बरोबर? वाऱ्याने उघडला. बस. मुकुलला वाटलं दाखवला. एवढं लिहा, विषय संपला."

"वारा कुठे होता आज?"

"अहो, मे महिना आहे, असेल थोडा! गोदामातली पोरगी चँपियन, पेपरात फोटो येईल, झकास काम होईल."

ऋतिका अजून हेल्मेट काखेत धरून उभी होती. केसांतून घाम गळत होता. "बाबा, चुकलास तू ना?"

"हो."

"मग मी का भोगू? वीस सांगितल्या, वीस मारल्या. तो थांबला, मी नाही थांबले. शेवटच्या फेरीला मी त्याला घेणारच होते, तुला माहितीये."

काशीरामला माहीत होतं. सातव्या वळणावर मुकुल दर वेळी बाहेर जायचा. मागच्या शर्यतीत तिने दहा फेऱ्या तेवढंच पाहून ठेवलं होतं. घरी जेवताना तिने वरणाच्या वाटीभोवती बोट फिरवून ते वळण त्याला दाखवलंही होतं.

"घेतलं असतंस," तो म्हणाला.

"मग लिही ना. एक ओळ आहे यार, बाबा."

"तू झेंडा बघितलास?"

"नाही बघितला. आईशप्पथ."

"त्याने बघितला."

"बघू दे! त्याच्याकडे बापाची गाडी आहे, क्लास आहे, सगळं आहे. तो जाईल परत कधीतरी कोइम्बतूरला. माझी डिप्लोमाची परीक्षा संपली की मला नोकरी बघायचीये. माझं हेच वर्ष आहे."

हेही खरं होतं. काशीरामने पेन घेतलं. गोदामात तोलाराने आकडा उच्चारला की देणारा आणि घेणारा दोघेही मान हलवायचे, आणि पोतं थप्पीवर जायचं. खाली ओढून पुन्हा तोलायची पद्धत नव्हती. आकडा चुकला तर तोलार चुकला, पोतं नव्हे.

"सुबोधशेठ, ध्वजाधिकारीमधला 'ध्व' ओळखपत्रावर आहे तसाच काढू ना?"

"काका, विचार करा."

त्याने विचार केला असावा, कारण पहिली ओळ लिहायला त्याला सहा मिनिटं लागली. सुबोध मोबाइल बघत होता. ऋतिका बघत होती तो बापाचा हात. अर्ध्यावर कुठला शब्द आला ते तिला समोरून, अक्षरं उलटी दिसत असूनही वाचता आलं. तिने हेल्मेट टेबलावर ठेवलं आणि बाहेर जाऊन आपल्या गाडीची साखळी सैल करायला बसली. ती सैल करायची गरज नव्हती.

सोमवारी ट्रॅकच्या फाटकावर निकाल लागला:

"उपनगर कार्ट अजिंक्यपद स्पर्धा, आठवी व अंतिम शर्यत. मुख्य ध्वजाधिकारी श्री. काशीराम धाकू तळेकर यांनी लेखी निवेदन सादर केले असून त्यानुसार एकोणीस फेऱ्या पूर्ण होताच त्यांनी स्वतःच्या मोजणीतील चुकीमुळे झेंडा हलवला. सबब शर्यत त्या क्षणी संपुष्टात आल्याचे घोषित करण्यात येत आहे. विजेता: मुकुल चंद्रप्रकाश देवधर. उपविजेती: ऋतिका काशीराम तळेकर. ध्वजाधिकाऱ्यांच्या सचोटीची व्यवस्थापन आदरपूर्वक नोंद घेत आहे."

ऋतिका त्याच्याशी सतरा दिवस बोलली नाही.