लेखातली मेलेली बाई

सातवीत शाळा सुटली, पण अक्षर चांगलं होतं. त्या अक्षरानंच मला तंजावरात आधार दिला. आम्ही विट्याकडचे. नवऱ्याचं इथं सोनं गाळायचं दुकान. सकाळी दुकानातल्या पाच माणसांचा स्वयंपाक उरकून दुपारी मी अक्कांकडे जायची, तेव्हाच जीव दमलेला असायचा.

अक्का मनाच्या आजारांच्या डॉक्टर होत्या, आता घरीच. मराठ्यांच्या राज्यात इकडं आलेलं त्यांचं घराणं. मराठी बोलायच्या जुन्या वळणाची, पण देवनागरी कधी शिकल्याच नव्हत्या, आणि आता तर डोळेही गेले होते. पुण्याच्या एका मासिकाला त्यांचा लेख हवा होता. युरोपात ऑपेरा म्हणून नाटकं असतात, सगळं गाऊनच बोलतात. त्यांतल्या मरणाऱ्या नायिकांच्या मनात काय चालतं, यावर. अक्का सांगायच्या, मी लिहायची. पेनाचा आवाज थांबला की त्या पुढचं वाक्य सांगायच्या.

"अक्का, विष घेतल्यावर एवढा वेळ गाते ही?"

"गातीच की. जन्मभर गप्प होती. आतां तरी गाऊं दे तिला."

मग त्या नायिकेची पाळी आली जिला मोठ्या घरानं आसरा दिलेला असतो. प्रत्येक अंकात ती यजमानणीचे आभार मानते आणि शेवटच्या अंकात विष घेते.

"लिही," अक्का म्हणाल्या. "उपकाराखाली असलेल्या माणसाला रागवायची चोरी असते. राग मग आंत वळतो. तिनं घेतलं ते विष खरं यजमानणीसाठी होतं."

माझा हात थांबला. गावी आई पडली होती, खुबा मोडला होता, महिना होत आला होता. मी रजा मागितली नव्हती. माझ्या मुलीला शाळेत प्रवेश अक्कांनी मिळवून दिला, माझ्या आजारपणात दवाखान्यात त्याच बसून राहिल्या. अशा माणसाचं काम मधेच कसं टाकायचं? आणि टाकलं तर त्या दुसरी कोणी शोधतील, ही धास्ती. तंजावरात मराठी लिहिणारी दुसरी मिळणं अवघड, हे माहीत असूनही.

ते वाक्य काही मला लिहवेना. पण पेन तर वाजायला हवं. मी 'श्रीराम' लिहीत बसले.

शनिवारी सगळं वाचून दाखवायचं असे. मी तेवढा भाग सोडून पुढं वाचलं.

"मधलं कुठं गेलं?"

"राहिलं वाटतं, अक्का."

"राहील कसं? पेन चालत होतं. काय लिहिलीस?"

"श्रीराम."

"किती वेळां?"

"अकरा."

अक्का हसल्या. "युरोपाच्या नाटकांत राम घातलीस." मग हसू ओसरलं. "कोणावर राग आहे तुझा?"

"कोणावर नाही. तुमचे तर एवढे उपकार..."

"तेंच मी सांगितलें, तूं लिहिली नाहीस."

डबऱ्यात, इकडच्या पसरट पितळी वाटीत, ओतलेली कॉफी गार झाली होती. मी आईचं सांगितलं.

"महिना? आणि मज बोलली नाहीस?"

"तुमचा लेख अडला असता."

"लेखांतली बाई मेलेली आहे. ती कुठें जात नाही. तुझी आई थांबेल का?"

माझे डोळे भरून आले. मी आभार मानायला तोंड उघडलं, तर त्या म्हणाल्या, "उद्यां जा. पण तें वाक्य आधीं लिही. पुन्हां सांगतें."

आई तिकडं पडलेली, आणि यांना वाक्य हवं. त्यांच्याकडं लिहायला लागल्यापासूनच्या चार वर्षांत पहिल्यांदा मला अक्कांचा राग आला. त्यांनी सांगितलं, मी एकही शब्द न गाळता लिहिलं. अक्षर वेडंवाकडं आलं. ते तसंच ठेवून मी पिशवी भरायला घरी आले.