धनाजीनं निवडलेले स्पीकर

धनाजी माझा शाळेपासूनचा मित्र. त्याच्याइतका हट्टी माणूस विट्याच्या आसपास मी दुसरा पाहिला नाही. आमच्याकडच्या घराघरातला एकजण गलाईच्या धंद्यात असतो. परमुलखात जायचं, भट्टीवर सोनं आटवायचं, तेजाबात, म्हणजे ॲसिडात, शुद्ध करायचं. धनाजीचा थोरला भाऊ नानासो याचं कोइमतुरात दुकान आहे. तिथंच धनाजीची उमेदीची वर्षं गेली आणि तिथंच तेजाबाची बरणी फुटून डोळेही गेले. कानाच्या पाळ्या भाजल्या. मिरजेच्या दवाखान्यात ऑपरेशनं झाली, पण उजेड काही परत आला नाही.

नानासो दवाखान्यात आला. आईसमोर, धनाजीच्या बायकोसमोर, धनाजीच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "तू कॉम्पुटर शीक. बिलं, जीएसटी, सोन्याच्या भावाची चौकशी, समदं तू संभाळ. तुजी खुर्ची कुनाला देत न्हाई मी."

या एका वाक्यावर धनाजी अंथरुणातून उठला. साताऱ्याला अंधांच्या एका संस्थेत राहून कॉम्प्युटर शिकून आला. पडद्यावर जे असेल ते मोठ्यानं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर असतं, त्यावर त्याची बोटं झरझर चालायला लागली. नानासोनं दुकानातला जुना कॉम्प्युटर पाठवून दिला, पण त्याला स्पीकर नव्हते. भाजलेल्या कानांना हेडफोन लावला की धनाजी कळवळायचा. म्हणजे स्पीकर घेणं आलं, आणि तेही हजाराच्या आत, कारण घरात पैसा यायचा तो फक्त त्याच्या बायकोच्या, मायाच्या, शिलाई मशीनवरून.

मी त्याला मोटरसायकलवरून विट्याला पप्पूच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात नेलं. पप्पूनं लगेच डीजेचं गाणं लावलं. काचेच्या कपाटातल्या वस्तू थरथरायला लागल्या. धनाजीनं काय केलं असेल? एकेक खोकं दोन्ही हातांत घेऊन तोललं. जन्म सोन्यात गेलेला माणूस, त्याला वजनाशिवाय दुसरं काही पटेचना.

"अरं, आवाज ऐक की आदी," मी म्हणालो.

"तू गप रं. जड ते खरं. हलक्या मालात कायतरी खोट आसतीच."

सगळ्यात जड सेट त्यानं उचलला. मोठा वूफर आणि बाजूला त्याची दोन पोरं, म्हणजे छोटे स्पीकर. पप्पू खूश, धनाजी खूश, मी मात्र मनातल्या मनात चरफडत होतो.

घरी आल्यावर तो वूफर नुसता घुमायला लागला. विहिरीत तोंड घालून कुणी बोलावं तसा. "साठ" म्हणतोय की "आठ" म्हणतोय, कळेना. धनाजी सरावाची बिलं करायचा आणि ती चुकायची. शेवटी माया वैतागली आणि तिनं मागचे स्क्रू काढले. आत तळाला लोखंडाची एक पट्टी डिंकानं चिकटवलेली होती. वजनासाठी. तिनं ती धनाजीच्या हातात दिली. तो बराच वेळ त्या पट्टीवरून अंगठा फिरवत बसला.

"लोकांच्या सोन्यातली भेसळ काढली गड्या आमी," तो म्हणाला, आणि हसला. मला ते हसणं ऐकवेना.

सगळं खापर पप्पूच्या डोक्यावर फोडायच्या तयारीतच मी धनाजीला घेऊन गेलो होतो. पण त्यानं तरी खोकं कुठं उघडून पाहिलं होतं! कुरकुरत का होईना, त्यानं बदलून द्यायचं कबूल केलं. या वेळी धनाजीनं गाणं बंद करायला लावलं. "बातम्या लाव. बाईमानसाच्या आवाजातल्या." मग म्हणाला, "आता कायच लावू नगं, नुसता आवाज पुरा वाडव." ज्या स्पीकरमधून रिकामाच गुंऽऽ यायचा, तो बाजूला. असं करत करत एक छोटी जोडी उरली. वूफर नाही, वजन नाही, दिसायला दोन मिठाचे डबे.

"ह्याला धमक न्हाई बगा," पप्पू म्हणाला.

"धमक घिऊन काय वरात काडायची हाय व्हय? मला आकडं ऐकायच्यात."

मायानं कानाच्या उंचीवर येतील असे ते दोन पाटांवर ठेवले. आणि खरंच, त्यातून शब्द असा सुटा सुटा यायचा, की शेजारून जाणारा माणूसही थबकावा. पावसाळाभर धनाजी त्या जोडीसमोर बसून होता. बिलं चुकायची थांबली. कोइमतूरला नेण्यासाठी मायानं त्याला दोन नवे शर्ट शिवले.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी त्यानं कॉम्प्युटरवरून नानासोला व्हिडिओ कॉल लावला. आपण काय शिकलो ते भावाला दाखवायचं होतं. मला मुद्दाम बोलावलं होतं. आई जवळच पाटावर बसली होती. धनाजीनं एक आख्खं बिल करून दाखवलं, भाव सांगितला, कर काढला. नानासो म्हणाला, "वा रं पठ्ठ्या! दिवाळी झाली की बगू." धनाजीचा चेहरा उजळला. आता कॉल बंद करावा म्हणून त्यानं हात पुढं केला.

पण तिकडं फोन खाली ठेवताना नानासोला वाटलं असावं, कॉल बंदच झाला. तो खोलीतल्या कुणाला तरी म्हणाला, "आंदळ्याला हितं आनून काय करू? गिऱ्हाईक सोनं दील का हातात? मन राकायला बोललो हुतो तवा. आईला सांगितलंय त्येला समजाव म्हनून, तर तिच्याच्यानं हुईना."

त्या छोट्या स्पीकरमधून एकेक अक्षर लख्ख आलं. माया भिंतीला टेकली. मला नानासोच्या थोबाडीत द्यावीशी वाटली, पण तो पडला हजार किलोमीटरवर.

आई घाईघाईनं पडद्याकडं वाकली आणि म्हणाली, "नाना, आजून चालूच हाय बाबा."

तिकडून कॉल तुटला.

धनाजी आईच्या आवाजाकडं वळला. "कवापास्नं ठावं हाय तुला, आये?"

आईनं पदर तोंडाला लावला. पदराआडूनच म्हणाली, "मिरजेच्या दवाखान्यापास्नं."